अप्पांचे बेचाळीस आवाज

अप्पांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांचा पट्टशिष्य त्यांच्या मुलीच्या कीबोर्ड दुरुस्तीच्या दुकानात येऊन धडकला. "ताई, अप्पांचा कीबोर्ड मला द्या. वारसा पुढे चालवायचाय."

वारसा म्हणे! मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा मोठे वादक, यात वाद नाही. हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे वाजवता वाजवता जॅझमध्ये रॉक मिसळलं, फ्यूजनवाले म्हणून नाव काढलं, चार रेकॉर्ड केल्या. चारही रेकॉर्डवर साथीदार वेगळे, कारण अप्पांपाशी कुणी टिकतच नसे. एका ड्रमवाल्याला तर त्यांनी भर कार्यक्रमात हाकललं. त्यांच्या कीबोर्डमध्ये स्वतः घडवलेले बेचाळीस आवाज होते. ते कसे घडवले, हे कुणाला कळू नये म्हणून कार्यक्रमात कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावत. पोटच्या मुलीलाही त्यांनी कधी जवळ येऊ दिलं नाही. "तू आपली स्क्रू पिळ," म्हणत.

लहानपणी बंद दाराबाहेर बसून तिने ते आवाज ऐकले होते. बापाकडून तिला मिळालं ते तेवढंच, आणि तेवढंच तिला हवं होतं. या लोचटाला, बारा वर्षं त्या आवाजांवरच डोळा ठेवून अप्पांच्या शिव्या खाणाऱ्याला, ती ते मेली तरी देणार नव्हती.

"एकदा ऐक आणि चालता हो," म्हणत तिने अप्पांचा कीबोर्ड टेबलावर ठेवला, चिकटपट्टी सोलली, बटण दाबलं. कारखान्यातून येतात ते नमुन्याचे आवाज तेवढे होते. बेचाळीसपैकी एकही नाही.

"तुम्ही पुसलेत!" शिष्य किंचाळला. "जिवंतपणी पटलं नाही, आता सूड उगवलात!"

तिने झाकण उघडलं. आवाज टिकतात ते आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर. ती नवी कोरी होती. वर अप्पांच्या अक्षरात तारीख होती, इस्पितळात गेले त्याच्या आदल्या दिवसाची.

शिष्य वरमला. "चुकून बदलली असेल, ताई."

"चुकून?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचंच होतं. "चार वर्षं मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते, 'अप्पा, आधी आवाज कॅसेटवर उतरवून घ्या, नाहीतर बॅटरी काढताच सगळं पुसलं जाईल.' जन्मात माझं एवढं एकच, हे पुसण्याचं, ऐकलं बघ त्यांनी."