तिसऱ्या कडव्याआधीच्या चार मात्रा

समूहगान म्हटलं की आपल्याकडे सगळे मिळून एकाच सुरात ओरडतात. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात मी वर्षानुवर्षं हेच ऐकलं, आणि खरं सांगायचं तर शिकवलंही. निवृत्त झाल्यावर मात्र मनाशी घेतलं, की एकदा तरी वेगवेगळे सूर एकाच वेळी गाणारा वृंद उभा करायचा. ओतूरच्या बाजारपेठेत आमचं सासरचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर तालीम सुरू केली. चारी बाजूंना ताग्यांचे ढीग. कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे कुणी जरा घसरलं की लगेच उघडं पडायचं, आणि मग मी तोंड सोडायची. माझं तोंड वाईट आहे, हे ओतूरमध्ये कुणालाही विचारा.

अकरा जण जमले. बहुतेक ओतूरचे आणि बोरी बुद्रुकचे, सगळे भजनात वाढलेले. भजनात पुढच्याने ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती तशीच उचलायची. ती सवय मोडता मोडेना. खालच्या सुरातली माणसं कशीबशी एक ओळ तग धरायची आणि दुसऱ्या ओळीला हळूच वरच्यांना जाऊन मिळायची.

"अहो, आपला सूर सोडू नका!" मी ओरडायची.

"बाई, समदी तिकडं चालली, मी एकटा हितं काय करू?" असं म्हणून हसायचा तो आमचा बोरीचा खर्जवाला. धिप्पाड माणूस, ऊस आणि कांदा पिकवणारा. तो गायला लागला की माळ्याच्या फळ्या पायाला जाणवायच्या. असा आवाज मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही.

कविता वर डोंगरातल्या घाटघरच्या एका बाईंची होती. त्या अंगणवाडीत काम करतात. एका शिबिरात त्यांनी ती वहीतून वाचून दाखवली आणि मी तिथेच मागून घेतली. तीन कडवी. पहिलं डोंगराचं, हिरड्याच्या आणि जांभळाच्या झाडांचं. दुसरं एकीचं, एकाच झऱ्यावर भरलेल्या दोन घागरींचं. आणि तिसरं असं:

पाऊस पडतो आमच्या माथी,
पाणी उतरतं तुमच्या शेती,
चैतात आमचा हंडा रिता,
सांगा, न्याय कुणाच्या हाती?

पहिली दोन कडवी मी चार सुरांत बांधली. तिसऱ्याला मात्र सगळ्यांना एकाच सुरावर आणलं, अगदी भजनासारखं. आणि त्याच्या आधी चार मात्रा काहीच नाही. कुणी श्वाससुद्धा ऐकू येईल असा घ्यायचा नाही. चार मात्रा संपल्या की अकरा गळे एकदम. मला स्वतःवर फार खूश व्हायची सवय नाही, पण त्या चार मात्रांवर मी खूश होते.

एका बाजारच्या दिवशी त्या बाई दोन एसट्या बदलून तालमीला आल्या. ताग्यावर अंग चोरून बसल्या. दुसरं कडवं संपून आम्ही गप्प झालो तशा दचकल्या.

"थांबला का वो, बाई?"

"थांबलो नाही, ताई. तुमचं तिसरं कडवं यायच्या आधी मुद्दाम शांत राहायचं. चार मोजायचे."

त्यांनी पुन्हा गायला सांगितलं. या वेळी आम्ही गप्प झाल्यावर त्यांनी गुडघ्यावर बोटं टेकवली, एक, दोन, तीन, चार. कडवं सुरू झालं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. निघताना म्हणाल्या, "म्हंजी समदं शांत झालं, की माझं आलं."

त्या गेल्यावर खर्जवाला मागे थांबला. डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाला, "बाई, राग धरू नका. पर आमच्याच तोंडानं आमालाच जाब इचारायचा? त्यांच्या डोंगरातनं उतरलेलं कुकडीचं पानी आमच्या उसाला येतं. गावातली लोकं काय म्हनतील? ते शेवटचं मी नाय म्हननार."

मी बडबडले खूप. त्याने ऐकून घेतलं आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर चारच दिवसांनी, जुन्नरच्या ज्या कार्यक्रमात आम्ही गाणार होतो, त्याच्या संयोजकांचा फोन आला. पाच मिनिटांत बसवा, म्हणाले. एवढंच. कुठलं कडवं काढा, हे त्यांनी सांगितलं नाही. आमचं गाणं सात मिनिटांचं होतं. सुरुवातीचा आलाप काढला असता तरी पाचात बसलं असतं, पण आलाप माझा होता. मी तिसरं कडवं काढलं. वृंदाला सांगितलं, वेळ नाही. कुणी काही विचारलं नाही. खर्जवाला फळ्यांकडे बघत राहिला, आणि मला हायसं वाटलं. मला माझा खर्ज हवा होता.

कडवं काढल्याचं त्या बाईंना कळवलं नाही. घाटघरला रेंज नसते, असं मी स्वतःला सांगितलं. तिकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला असता तरी पोचला असता. आमच्याकडे सगळे निरोप तसेच जातात.

कार्यक्रमाला त्या आल्या. सकाळची पहिली गाडी धरून, नवं लुगडं नेसून, जावेला सोबत घेऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. आम्ही त्या दिवशी गायलो तसे आधी कधी गायलो नव्हतो. कुणीही आपला सूर सोडला नाही. दुसरं कडवं संपलं, मी हात खाली घेतला आणि वळून नमस्कार केला. टाळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या रांगेत त्या मात्र मागे वळल्या होत्या. तोंडावर बोट ठेवून मागच्यांना गप्प करत होत्या. दुसरा हात गुडघ्यावर. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा एकपासून. आम्ही रांगेने उतरलो, पुढचा संच वर चढला, तरी बोटं चालूच होती.

बाहेर गाडीजवळ त्या मला शोधत आल्या.

"लोकांनी टाळ्या आदीच वाजीवल्या, न्हाई का? तुमी गप झाला, त्यांना वाटलं संपलं. लई घोटाळा केला त्यांनी तुमचा."

तेव्हा खरं सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "हो ना. लोकांना कळत नाही."

"जाऊ द्या. पुढल्या येळंला आदी सांगून ठिवा त्यांना." माझा हात हातात घेऊन त्यांनी दाबला आणि गाडी चुकेल म्हणून दोघी स्टँडकडे निघाल्या.

खर्जवाला शेजारीच उभा होता. ओतूरला उतरताना म्हणाला, "बाई, मी म्हननार नाय एवढंच सांगितलं व्हतं. मी गप उभा राह्यलो असतो. बाकीच्यांनी म्हनायचं व्हतं." त्यानंतर तो तालमीला आला नाही. आता बोरीत भजनाला बसतो, असं कळतं.

त्याच्यामागोमाग आणखी दोघं गळले, आता आठ जण उरले आहेत. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडून तिसरं कडवं गाऊन घेतलं. चार मात्रा गप्प राहिलो आणि मग सगळे सुरात गायले. ऐकायला ताग्यांशिवाय कुणी नव्हतं. मला इतकी लाज वाटली, की मी त्या दिवशी कुणाची चूकसुद्धा काढली नाही.

जुन्नरहून घाटघरची एसटी रोज सुटते. मी दोनदा स्टँडवर जाऊन आले. गाडी लागते, लोक चढतात, कंडक्टर विचारतो, "बाई, यायचंय का?" आणि मी नाही म्हणते. तिकडे त्या अजून मागच्या रांगेतल्या लोकांनाच बोल लावत असतील.