द्रौपदाबाईंचं पाणी

देवपूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या विभागात, द्रौपदाबाई सोळा वर्षं परिचर होत्या. बेडूक मोजून घ्यायचे, कापून झाले की उरलेले मागे नेऊन पुरायचे, फॉर्मॅलिनच्या बरण्यांची झाकणं मेणाने बंद करायची आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत रडणाऱ्या मुलींना पाणी द्यायचं, एवढं सगळं कागदावर ‘परिचर’ या एका शब्दात बसत होतं. शिक्षण सातवी. पण झुरळाच्या लाळग्रंथी कुठे असतात हे त्यांना निम्म्या वर्गापेक्षा बरं माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्या वर्गाला ते सरांची पाठ वळली की त्यांनीच दाखवलेलं असे.

त्यांचे यजमान मोतीलाल एस.टी.त कंडक्टर होते, धुळे–शिंदखेडा मार्गावर. गाडीत जागा नाही ही गोष्ट त्यांना तत्त्व म्हणूनच मान्य नव्हती. “जागा राहस नही, जागा करनी पडस,” असं ते म्हणत आणि दाराशी लोंबणाऱ्या माणसाला पोटाने आत ढकलून ते सिद्ध करून दाखवत. “सरकी ल्या भाऊ, सरकी ल्या!” एवढ्या दोन शब्दांवर बावन्नच्या गाडीत ऐंशी माणसं शिंदखेड्याला पोहोचत, आणि उतरताना एकमेकांना गावची खुशाली सांगत.

१९८७ च्या डिसेंबरात विभागप्रमुख चुडामण सरांनी ओख्याच्या किनाऱ्यावरून, रीतसर परवानगीने, जिवंत प्रवाळ आणले. विभागाला एम.एस्सी.चा वर्ग हवा होता आणि जानेवारीत विद्यापीठाची समिती पाहणीला यायची होती. ज्या जिल्ह्यातून समुद्र बघायला रात्रभर प्रवास करावा लागतो, तिथे काचेच्या टाकीत जिवंत समुद्र दाखवला की समिती नरम पडेल, असा सरांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. टाकी मात्र चार फुटांची होती आणि प्रवाळांचे दगड चौदा.

दगड बादल्यांतून आले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. ड्यूटी संपवून मोतीलाल बायकोला न्यायला आले होते. चौदातले नऊ आत ठेवून सर कपाळाला हात लावून उभे होते. मोतीलालांनी टाकीकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

“सर, तुम्ही बाजूला व्हा. हा दगड आडवा करा. ह्याला त्याच्या कुशीत द्या. ह्या पसरट मावशींना मागच्या सीटवर घ्या.”

दहा मिनिटांत चौदा दगड आत. एकालाही उभ्याने प्रवास करावा लागला नाही. सरांनी मोतीलालांची पाठ थोपटली.

टाकी द्रौपदाबाईंच्या ताब्यात आली. खारं पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्रावरूनच आणलं होतं. ते अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवायचं, काचेच्या तरत्या नळीने रोज त्याचा खारेपणा मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाणी उडतं, मीठ उडत नाही, तेव्हा तूट भरायची ती गोड्या ऊर्ध्वपातित पाण्यानेच, हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं होतं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी ते त्यांना समजावून सांगितलं. वीज गेली की हवेचा पंप बंद पडे. मग त्या सायकलच्या पंपाने हवा भरत बसत. दगडांची शास्त्रीय नावं सरांनी चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवली होती. द्रौपदाबाईंनी आपल्यापुरती वेगळी ठेवली: लांब दांड्यांची, डुलणारी ती शेवंती, खोलगट पसरट ती परात, आणि षट्‌कोनी घरांचा, हिरवट, अंगापिंडाने दणकट दगड तो पोळं.

बारा दिवस सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. तेराव्या दिवशी सकाळी शेवंतीच्या अंगावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. मांस गळून खालचा चुना उघडा पडला होता. आठवडाभरात शेवंती गेली. मग परात. मग आणखी दोन. नवं वर्ष लागलं तेव्हा चौदाचे दहा उरले होते, आणि सोमवारी द्रौपदाबाईंच्या हातात सरांच्या सहीचा मेमो पडला.

‘आपल्या ताब्यातील समुद्री पाण्याची निगा राखण्यात आपण हयगय केल्याने प्रवाळ मृत झाल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास टाकी रिकामी करण्यात येऊन आपल्या सेवापुस्तकात तशी नोंद घेण्यात येईल.’

सोळा वर्षांत सेवापुस्तकात डागाएवढंसुद्धा काही नव्हतं. द्रौपदाबाईंनी मेमो घडी घालून कमरेला खोचला आणि पाणी मोजलं. आकडा कालचाच होता. परवाचाही तोच.

घरी मोतीलालांनी मेमो वाचला तो जाणकाराच्या नजरेने.

“मेमो कोनले येत नही? मनाकडे तीन मेमो शेतस. लिखी दे, चुकी व्हयनी, माफी करा.”

“तुमनी गाडी भरेल व्हती, तुमले मेमो उना. मनं पानी बरोबर शे.”

“मंग मरनात कसा?”

द्रौपदाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. त्या माहेरच्या शेतातल्या, त्यांनी विचारही शेतातूनच केला.

“विहीरनं पानी खराब ऱ्हातं ते बठ्ठं वावर पिवळं पडतं. हाई एकच कडथीन मरी राह्यनं. एकच बांधकडली ओळ जळनी, ते मानूस विहीरकडे देखस का शेजारीकडे?”

मोतीलालांनी मेमोची घडी घातली आणि माफीचा विषय सोडून दिला. ही घरात क्वचित घडणारी घटना होती.

दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाईंनी मेलेले चारही दगड बशीत काढून पाहिले. खरंच होतं. डाग सुरू झाला तो प्रत्येकाच्या एकाच अंगाला, आणि ते अंग टाकीत असताना पोळ्याकडे वळलेलं होतं. चौघेही पोळ्याच्या उजव्या हाताला, जिकडे पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी वाहत होतं तिकडचे. डावीकडचे सुखात होते. आणि मधलं पोळं तर दिवसभर मिटून, देवळातल्या पुजाऱ्यासारखं, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

संशयित सापडला होता. हत्यार दिसत नव्हतं. दोन दगडांत चार बोटांचं अंतर, आणि दगडाला पाय नाहीत. डाग रोज सकाळी वाढलेला असे, दिवसा नाही. म्हणजे जे काही होतं ते रात्री. आणि प्राचार्यांचा नियम होता की सहानंतर इमारतीत वॉचमनखेरीज कोणी थांबायचं नाही. नियम मोडला तर दुसरा मेमो.

द्रौपदाबाईंनी नियम पाळला. त्यांनी रात्रच दिवसा आणली.

सकाळी आल्या आल्या त्या टाकीवर काळी घोंगडी टाकत, खिडकी पुठ्ठ्याने बंद करत. संध्याकाळी जाताना घोंगडी काढून चारही ट्यूबलाइट लावून जात. पहिल्या दुपारी घोंगडीत डोकं घालून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दुपारी पोळ्याच्या घरांतल्या केसांसारख्या मिशा किंचित बाहेर आल्यासारख्या वाटल्या, पण बॅटरी लावताच सगळं मिटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरीच्या काचेवर गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिनचा कागद बांधला.

वॉचमन उखर्डूला रात्रभरच्या उजेडाचं नवल वाटत होतं. सकाळी फाटकात त्याने गाठलंच.

“द्रौपदाअक्का, पोवळासनी परीक्षा शे का? रातभर दिवा लायीसन अभ्यास करी राह्यनात!”

“हां. तू बंद नको करजो. नापास व्हतीन त्या, आनि मी बी.”

उखर्डूने दिवा बंद केला नाही. उलट कोणी करू नये म्हणून बटणावर खडूने फुली मारून ठेवली.

चौथ्या दुपारी, दीड वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, घोंगडीतल्या रात्रीत द्रौपदाबाईंनी ते पाहिलं. लाल उजेडात पोळं जागं झालं होतं. प्रत्येक घराला आखूड मिशांची कडी होती, ती त्यांनी आधीही पाहिली होती. पण उजव्या काठावरच्या घरांतून काही वेगळंच निघालं होतं: शेवयांसारखे लांब, पारदर्शक धागे, टोकाला पांढरा दाणा. बाकीच्या मिशांच्या दहापट लांब. पाण्याच्या ओढीबरोबर ते झुलत होते, न बघता, न घाई करता, आंधळा काठीने चाचपतो तसे. एक धागा शेजारच्या पिवळ्या दगडाला लागला. चिकटला. सुटला. पुन्हा लागला. त्या जागी पिवळ्याचं अंग आकसून चुना दिसू लागला होता.

द्रौपदाबाई अर्धा तास तशाच वाकून राहिल्या. मग आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पोळ्याच्या डाव्या काठाला तसे धागे नव्हतेच. जिकडून अंगाला शेजार लागत होता तिकडेच त्याने ते वाढवले होते. जागा मिळाली असती तर कदाचित त्यालाही ही कटकट नको होती. कंबर धरून त्या उठल्या, वहीत वेळ लिहिली, आणि सरांच्या खोलीत गेल्या.

“सर, खुलासा तयार आहे.”

“ठेवा टेबलावर.”

“टेबलावर मावणार नाही. तुम्हाला तिकडे यावं लागंल.”

आता प्रश्न आला घोंगडीचा. विभागप्रमुख आणि परिचर बाई एका घोंगडीत, ही पाहणी समितीपर्यंत वेगळ्याच स्वरूपात पोहोचली असती. तेव्हा सर एकटे आत शिरले आणि द्रौपदाबाई बाहेर उभ्या राहून त्यांना वाट दाखवू लागल्या.

“काय दिसतं सर?”

“काही नाही.”

“अंधाराला डोळे सरावू द्या. बॅटरी खालून धरा. मधल्या दगडाची उजवी कड.”

“नेहमीच्या मिशा आहेत. शुंडकं.”

“त्या नाही. त्यांच्या मागून, लांब.”

घोंगडी हलली, बॅटरी खाली सरकली. मग आतून आवाज आला तो शिकवण्याचा नव्हता.

“अरे बापरे.”

“लागतोय ना पिवळ्याला?”

“लागतोय. बाई, हा त्याला भाजून काढतोय.”

“मग आता पाणी मोजायचं का सर?”



सर बाहेर आले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि चष्म्यावर वाफ होती. त्यांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, तासभर चाळलं आणि कबूल केलं की प्रवाळ जागेसाठी असे लढतात हे त्यात लिहिलेलं आहे. पुस्तक विभागात नऊ वर्षं होतं.

त्याच दुपारी टाकी उपसली. सगळ्यांत लांब धागा द्रौपदाबाईंनी काचेवर पट्टी धरून मोजला होता. त्याच्या दुप्पट, म्हणजे वीतभर, जागा प्रत्येक दगडाभोवती सोडायची असं ठरलं. टाकीत सहाच बसले. पोळं एकटं एका टोकाला, आणि तेही अशा बाजूला की पाण्याची ओढ त्याच्याकडून कोणाकडे जाऊ नये. उरलेल्या चौघांना वेगळ्या बरण्या.

“समितीला सहाच दाखवायचे?” सर कळवळून म्हणाले.

“सहा जिते दाखवा. चौदा दाखवायचे तर त्यातले मेलेले मोजावे लागतील.”

समिती वीस तारखेला आली. तिघांतल्या सगळ्यांत वयस्कर सभासदाने टाकीसमोर उभं राहून विचारलं की एवढ्या मोठ्या टाकीत इतके कमी का. सरांनी उत्तर दिलं. पंधरा मिनिटं, सुरेख, आकृतीसह. उजेड-अंधार उलटा करण्याची युक्ती सांगताना ‘आम्ही’ हा शब्द सात वेळा आला. द्रौपदाबाई चहाचा ट्रे धरून मागे उभ्या होत्या. सभासद खूश झाले. म्हणाले, रोजच्या नोंदी असतील तर हे लिहून काढा, छापण्यासारखं आहे.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तसे सर प्रयोगशाळेत आले.

“बाई, ती वही द्या बरं. पाण्याचे आकडे, वेळा, सगळं आहे ना त्यात?”

“आहे सर. दोन डिसेंबरपासून, एक दिवस खाडा नाही.”

“उत्तम. द्या.”

द्रौपदाबाईंनी वही छातीशी धरली. “मेमोचं काय झालं?”

“कसला मेमो? ते सोडा आता. विसरून जा.”

“मी विसरेन सर. कागद नाही विसरत.”

“अहो, त्याला जावक क्रमांक पडलाय. मेमो मागे घ्यायची तरतूदच नाही कुठे. मी तोंडी सांगतोय ना?”

“मेमो तोंडी नव्हता.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. द्रौपदाबाईंनी पाहिलं नाही. सोळा वर्षांत त्या सरांसमोर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

“मागे नका घेऊ. त्याच्या पुढे दुसरा लावा. माझ्या पाण्याबद्दल लिहा. मग वही तुमची.”

 सरांनी कोरा कागद घेतला. ‘सदर प्रकरणी चौकशी केली असता पाणी निर्दोष असल्याचे आढळले,’ असं लिहून त्यांनी तो पुढे केला.

द्रौपदाबाईंनी ओळ बोट ठेवून वाचली.

“निर्दोष कशाला? ते कोर्टात म्हणतात, सुटलेल्या माणसाला. ‘पाणी पहिल्या दिवसापासून बरोबर होते’ असं लिहा. आणि पाणी कोणी ठेवलं ते.”

“ते कशाला?”

“मेमोत नाव होतं सर.”

सरांनी पहिला कागद बाजूला सारला आणि दुसरा लिहिला, नावासकट. द्रौपदाबाई तो घेऊन स्वतः ऑफिसात गेल्या, जावक क्रमांक टाकून घेतला, शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारायला लावला आणि सेवापुस्तकात तो टाचला जाईपर्यंत काउंटरशी उभ्या राहिल्या. मग परत येऊन त्यांनी सरांच्या टेबलावर वही ठेवली.