खिडकीत धरलेलं डोकं

भूतखेत, साक्षात्कार यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही नाही. शाळा माझी सातवीपर्यंतच, बाकी जे काय शिकले ते वाचून वाचून. कुणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं की मी आधी विचारायची, बाई, सकाळपासून जेवलात का? म्हणून तर हे लिहायला एवढी वर्षं लागली...

माझ्या वसूला अकराव्या वर्षापासून फिट यायच्या. तेव्हा आम्ही अमरावतीला होतो. तिथल्या डॉक्टरांनी मला कामाला लावलं — प्रत्येक फिट वहीत लिहायची. वेळ, कुठला हात वाकडा झाला, आधी काय बोलली. आता गंमत बघा, वसू दर वेळी एकच बोलायची: "आई, पगडीवाला माझं डोकं खिडकीत धरतोय. नाही म्हणतोय." आणि शुद्ध जायची. अमरावतीत आमच्या ओळखीचा पगडीवाला कोण असणार! पण लिहा म्हटलं होतं, मी लिहिलं. पहिल्या पानापासून तेच आहे.

तीन वर्षांनी ह्यांची बदली झाली, चंदीगडला. केंद्र सरकारची नोकरी, नाही म्हणता येत नाही. पंजाबात तेव्हा दहशतवादाचे दिवस. सासूबाई म्हणाल्या, आजारी पोरीला घेऊन कुठे आगीत चाललात? सेक्टर बावीसला क्वार्टर मिळालं. दिवेलागणीच्या आत जो तो घरात. पगड्या तर सगळीकडेच, त्यामुळे वसूच्या त्या बोलण्याकडे मी लक्षच देईनाशी झाले. वहीत मात्र लिहीत होते.

तिथल्या हॉस्पिटलात मेंदूचे सर्जन भेटले. सरदारजी, बोलायला फार मऊ. म्हणाले, गोळ्यांनी भागत नाही, ऑपरेशनचा विचार करू, पण आधी एमआरआय. त्यासाठी तेव्हा दिल्लीला जावं लागायचं. फिल्मवर एकाच जागी डाग दिसला तर ऑपरेशनने फिट थांबायची बरीच आशा. दिसलाच नाही, किंवा दोन्हीकडे दिसला, तर मी हात लावणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सोळा वर्षांची पोर, शाळा सुटलेली, न्हाणीघराला आतून कडी लावू देत नव्हतो तिला. तिचं सगळं आता त्या एका फिल्मवर.

दोनदा बंदमुळे जाणं हुकलं, तिसऱ्यांदा गेलो. येताना नाक्यानाक्यावर पोलिसांना फिल्मचं पाकीट उघडून दाखवत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टरांच्या खोलीत बसलो होतो. लाईट गेलेली. फिल्म लावून बघायची ती उजेडाची पेटी बंद. डॉक्टर उठले, खिडकीशी गेले आणि दोन्ही हातांनी फिल्म काचेवर धरली.

वसूचं डोकं. खिडकीत.

वसू शेजारी शांत बसलेली, फिट नाही, काही नाही. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, आणि मग त्यांनी मान हलवली — नाही.

मी उठलेच. वसूचा दंड धरला आणि ह्यांना म्हटलं, "चला घरी. नाही म्हणालेत ते."

"अगं, अजून तोंड तरी उघडलंय का त्यांनी?" हे वैतागले.

डॉक्टर वळले. "बैठिए बहनजी. मैं दूसरी साइड देख रहा था. उधर कुछ नहीं है. दाग एक ही है, पक्का. ये तो अच्छी बात है."

मी बसले. पिशवीतून वही काढली. ह्यांनी पानं उलटत उलटत हिंदीत वाचून दाखवलं, अगदी अमरावतीच्या पहिल्या पानापासून. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, डाग जिथे आहे ना, तिथे आठवणींचं काम चालतं. अशा पेशंटला समोरचं सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तसं वाटलं असतं तर ते वसूला, आणि आज वाटलं असतं. माझ्या वहीत पाच वर्षं आधी कसं आलं?

"ये मुझे नहीं पता जी," एवढंच म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी तिला आणखी दोन फिट आल्या. दोन्ही वेळा ती आधी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

ऑपरेशननंतर वसूला परत फिट आली नाही. ती शिकली, संसाराला लागली. विचारलं तर म्हणते, आई, मला त्यातलं काही आठवत नाही गं. पुढे आणखी दोन डॉक्टरांना वही दाखवली. एकाने तारखा परत परत तपासल्या, दुसऱ्याने विषयच बदलला. मला तर अजूनही काही उलगडत नाही.

एक गोष्ट मात्र मी ह्यांनाही कधी सांगितली नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना माझा हात थांबला होता. मनात आलं, हिला अजून एक फिट येऊ दे... बोलेल काहीतरी, पुढचं कळेल. आई असून मी असं मनात आणलं. मग तशीच, काहीच न कळता, सही केली.