वीस मैलांनंतर बंद पडणारी गाडी

व्हर्लिन टॉस्ट्रूडला एका जागी बसवत नाही, हे हॅलेक गावात कोणालाही विचारा. प्रार्थनेलासुद्धा तो मागच्या बाकाच्या टोकाला बसतो आणि बाहेर एखादी मोटरसायकल अडखळली की प्रवचन अर्ध्यावर टाकून बघायला जातो. जेवतो तोही उभ्यानेच. बायको या तऱ्हेला कंटाळून बहिणीकडे डेन्व्हरला गेली ती तिकडचीच झाली, आणि ती गेल्याचं व्हर्लिनला तीन दिवसांनी कळलं, अशी गाव त्याची चेष्टा करतं. ते खरं नाही. पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही एवढंच.

अडतीस वर्षं तो अजस्र क्रूझर मोटरसायकली दुरुस्त करतो आहे. त्याचा हट्ट एकच: दुखणं सापडल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. "बॅटरी बदलून बघू या का?" असं गिऱ्हाईक म्हणालं की हा विचारतो, "तुझं पोट दुखलं तर डॉक्टर गुडघा बदलून बघतो का?" अशा उद्धट माणसाकडे लोक चाळीस-चाळीस मैलांवरून येतात, कारण त्याने 'झाली' म्हटलेली गाडी पुन्हा त्याच दुखण्याने परत येत नाही. आणि दुखणं काय होतं ते तो तोंडावर सांगतो, गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

मेमधल्या त्या आठवड्यात मात्र एका गाडीने त्याला घाम फोडला. गाडी डेलमारची, त्याच्या शाळेपासूनच्या मित्राची. डेलमारला जाऊन दोन वर्षं होत आली. गवताच्या गाठी भरलेल्या ट्रकला ओलांडून जायला म्हणून तो पलीकडच्या बाजूला गेला, समोरून मोटार आली, ती चुकवताना रस्त्याखाली गेला आणि तिथेच संपला. ट्रकवाल्याने जबानी दिली, "पुढे निघून जाईल असं वाटलं, पण मध्येच रेंगाळला." डेलमार मुळातच घाईचा माणूस, त्यामुळे लोकांनी माना हलवल्या आणि विषय मिटला. गाडीचं हँडल तेवढं वाकलं होतं. व्हर्लिनने ते सरळ करून दिलं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

आता साठाव्या वर्षी डेलमारची बायको आर्डिस तीच गाडी चालवायला शिकली होती. दर मे महिन्यात गेलेल्या स्वारांच्या आठवणीत आसपासच्या गावांमधल्या ऐंशी-नव्वद गाड्या रांगेने निघतात. यंदा शनिवारी सगळ्यांत पुढे आर्डिस असणार होती. आणि गाडीचं हे असं: वीस मैल झाले की चालता चालता क्षणभर मरायची. दिवे, इंजिन, सगळंच. मग पुन्हा जिवंत. रांगेतली पहिलीच गाडी अशी मेली तर मागच्यांचं काय होईल, या विचाराने व्हर्लिनला झोप लागेना.

सोमवारपासून तो तिच्या मागे लागला. बॅटरी ठणठणीत. चार्जिंग चोख. फ्यूज काढून, पुसून पुन्हा बसवले. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं तर पेट्रोल उतरत नाही आणि गाडी असाच दगा देते, म्हणून झाकण सैल ठेवून फिरवली, तरी मेली. इंजिन बंद करायचं बटण उघडून पाहिलं, स्टँडचा स्विच तपासला, कॉइल तापवून पाहिली. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. बुधवारी आर्डिस डोकावली.

"जमत नसेल तर सांग. मी गवत कापायच्या मशिनवर बसून जाते सगळ्यांच्या पुढे."

"जमतंय."

"तोंडावरून तसं वाटत नाही."

"तोंड जन्मापासून असंच आहे."

ती हसली आणि खिशातून एक कागद काढला. निघण्याआधी चार शब्द बोलायचा मान पहिल्या स्वाराचा असतो.

"ऐक. 'माझा नवरा दोन मिनिटं वाचवायला गेला आणि मला एकटीला टाकून गेला. तुम्ही तसले मूर्ख होऊ नका.' कसं वाटतंय?"

"कडक आहे."

"घरात रोज त्याच्याशी याहून कडक बोलते मी," आर्डिस म्हणाली. "निदान ऐंशी माणसं तरी शहाणी होऊ देत."

गुरुवारी व्हर्लिनने वीज मोजायचा मीटर टाकीवर चिकटपट्टीने बांधला. एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनला. अर्थिंग धड असेल तर आकडा शून्याला चिकटून राहतो. राहिला, अठरा मैल. मग हळूहळू चढू लागला, एकविसाव्या मैलाला एकदम उडाला आणि गाडी मेली. व्हर्लिन कडेला घेऊन खडीत आडवा झाला आणि गाडीखाली घुसला.

फ्रेमच्या तळाशी अर्थिंगची वायर एका बोल्टने आवळलेली असते. त्या वायरच्या आणि फ्रेमच्या मध्ये एक पट्टी होती, वरून चकचकीत, आतून कुजून पांढरी भुकटी झालेली. तापली आणि हादरली की तिथे वीज तुटायची. पट्टीला एक चिमुकली घंटा लटकत होती.

या घंटा बहुतेक गाड्यांना असतात. रस्त्यावरची भुतं गाडीत शिरून वायरी कुरतडतात, घंटेच्या आवाजाने ती पळतात, असं म्हणतात. मात्र घंटा स्वतः विकत घेऊन चालत नाही, जिव्हाळ्याच्या माणसाने द्यावी लागते. डेलमारला ती आर्डिसने वाढदिवसाला दिली होती आणि स्वतःच्या हाताने बसवली होती. व्हर्लिनच्याच दुकानात. "एक पाना दे, आणि इकडे बघू नकोस, मला येतं सगळं," असं ती म्हणाली होती. याने हातातलं काम न सोडता पाना मागे सरकवला होता आणि खरंच बघितलं नव्हतं. नंतर आलेल्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने पट्टी खाल्ली, आणि जूनमध्ये डेलमार गेला.

म्हणजे डेलमार रेंगाळला नव्हता. समोरून मोटार येत असताना गाडी त्याच्याखाली मेली होती.  व्हर्लिन तिथेच खडीत पडून राहिला. एक ट्रॅक्टरवाला थांबून जिवंत आहेस ना म्हणून विचारून गेला.

पट्टी त्याने फेकून दिली, बोल्ट घासून आवळला, घंटा दुसरीकडे बांधली आणि साठ मैल फिरला. गाडीने एक ठोका चुकवला नाही. शुक्रवारी तो सकाळपासून दुकानात येरझाऱ्या घालत होता. दार ते फळी, फळी ते दार. गप्प बसावं तर उद्या ऐंशी जणांसमोर मित्र मूर्ख ठरणार, तेही त्याच्याच बायकोच्या तोंडून. बोलावं तर ती बाई उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघत काढणार. कॉफी तीनदा ओतली आणि तिन्ही वेळा तशीच निवली.

चार वाजता आर्डिस आली.

"झाली?"

"झाली."

"काय निघालं?"

"अर्थिंगचा बोल्ट."

ती वाकून बघू लागली. "घंटा इकडे कशी आली?"

"हात जात नव्हता, म्हणून हलवली. आर्डिस, तो कागद उद्या वाचू नकोस. गाडी तेव्हाही अशीच मेली होती. डेलमारचं काही चुकलं नव्हतं."

आर्डिस सरळ उभी राहिली. 

"बोल्ट तेव्हापासून ढिला होता?"

"हो."

"कोणी ठेवला ढिला?"

व्हर्लिनने पुसलेलाच पाना पुन्हा पुसायला घेतला. "त्या वसंतात सर्व्हिसला गाडी माझ्याकडे होती. आवळायचा राहिला."

"तुझ्याकडून राहिला?"

"राहिला."

अडतीस वर्षांत त्याने दुखण्याचं कारण पहिल्यांदाच खोटं सांगितलं, आणि अडखळला नाही.

"दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," आर्डिस म्हणाली. "दर रविवारी तू माझ्या घरी जेवायला येऊन त्या ऐकत होतास."

"मला कालच कळलं."

"आता कळलं ना." तिने फळीवरची किल्ली उचलली. "रविवारी येऊ नकोस. कधीच येऊ नकोस."

शनिवारी सकाळी पटांगणात ती काय बोलली ते व्हर्लिनला तासाभरात तिघांनी येऊन सांगितलं. डेलमार निर्दोष होता, हे तिने सांगितलं. दोष कोणाचा, तेही सांगितलं.

दहाच्या सुमारास रांग दुकानासमोरून निघाली, दुसरा रस्ताच नाही. एक स्वार दुसऱ्याला भेटला की डावा हात खाली सोडून दोन बोटं जमिनीकडे करतो, आमच्याकडचा हा रामराम. रांगेत पहिला जे करील तेच मागचे करतात. व्हर्लिन दारात उभा होता, हात खाली सोडून, दोन बोटं पुढे करून.

आर्डिसचे दोन्ही हात हँडलवरच राहिले. मागच्या एकूण एक स्वारांचेही राहिले, ज्यांच्या गाड्या त्याने रात्रीचा दिवस करून उभ्या केल्या होत्या त्यांचेसुद्धा. व्हर्लिनला लागलं, खोलवर लागलं. त्याने बोटं मिटली. पण कान तिच्या इंजिनावरच होते, आणि नदीच्या पुलापलीकडे आवाज विरेपर्यंत ते एकदाही अडखळलं नाही.