कारखानाकाकांचा शनिवार

आमच्या ह्यांना उभ्या आयुष्यात भिंतीत एक खिळा सरळ ठोकता आला नाही. पण तोच खिळा बनतो कसा, हे विचारून बघा. तार कुठून येते, कापतात कशी, डोकं आधी की टोक आधी, सगळं तोंडपाठ. वाचनालयाच्या बालविभागात नोकरीला लागले ते तिथूनच निवृत्त झाले, आणि त्यानंतरही दर शनिवारी सकाळी पोरांना गोळा करून वाचायला बसायचे. राजा-राणीच्या गोष्टी सांगायला बाकीचे आहेत, म्हणायचे. ह्यांची पुस्तकं वेगळी. साबण कसा होतो, पेन्सिलीत शिसं कसं जातं, मोजा कसा विणतात. पिशवीतून एक वस्तू काढायची, ती पोरांच्या हातातून फिरवायची आणि मग पुस्तक उघडायचं. पोरं त्यांना कारखानाकाका म्हणायची. मी म्हणायचे, कारखाना खरा, पण घरात उत्पादन शून्य.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. पोरांना त्यांनी कधी थाप मारली नाही. एखाद्या पोराने अडवलंच, तर "मला नाही माहीत" म्हणून मोकळे व्हायचे आणि अख्खी वरात घेऊन कपाटाकडे निघायचे, उत्तर शोधायला. त्यात त्यांना कमीपणा तर नाहीच, उलट मजा वाटायची. मोठ्यांना चुकीचं सांगितलं तर ते विसरून जातात, पोरं ते जन्मभर सांभाळतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका सकाळी हे आरशासमोर फणी हातात घेऊन उभे राहिलेले दिसले. मी घाईत होते. शिवणाची कामं घेते मी घरी, त्या दिवशी तीन पँटी आखूड करून द्यायच्या होत्या. ह्यांचं सुरू झालं, ही फणी म्हणजे आधी प्लॅस्टिकचे दाणे असतात, ते वितळवून साच्यात दाबतात. मी म्हटलं, कळलं हो, आता केस विंचरा.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करतायत. चांगली खरडपट्टी काढली मी त्यांची. ते फणीकडे बघत राहिले, आणि मग माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला कळलं, ते खरंच विचारत होते.

डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या. हा विसर वाढत जाणार, म्हणाले, औषधाने फार तर हळू होईल. वस्तू कशी बनते ते इतक्या वेळा वाचून सांगितलंय की ते अजून जिभेवर आहे, पण वस्तू कशाला वापरायची ते एकेक करून निसटतंय. शनिवार जमेल तोवर चालू ठेवा, तेवढा एकच आधार आहे त्यांना, असंही म्हणाले. ते खरंच होतं. शुक्रवारी संध्याकाळपासून हे माणसात यायचे, शर्ट स्वतः निवडायचे.

मग मीही बरोबर जायला लागले. पिशवी मी भरायची, मागच्या बाकावर उसवलेलं काहीतरी घेऊन बसायचे आणि जीव मुठीत धरून ऐकायचे. वाचनालयात कुणाला काही सांगितलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. हळूहळू माझ्या लक्षात आलं की भीतीचं तसं काही कारणच नाही. चमचा कशासाठी असतो, हे कुठलं पोर विचारणार? ते सगळ्यांना ठाऊकच असतं. पोरं विचारायची ती कसं बनतं तेवढंच, आणि तिथे ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते शनिवार सोन्यासारखे गेले. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं.

एका शनिवारी सुई-दोऱ्याचं पुस्तक होतं. म्हणून मी माझ्या डब्यातलं अंगुस्तान पिशवीत टाकलं. शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून बोटावर घालतो ती पत्र्याची टोपी. माझ्या हातातली रोजची वस्तू ती, मला वेगळं काही सुचलंच नाही. ह्यांनी झकास सांगितलं. पत्र्याची गोल चकती घेतात, ठशाने दाबून खोलगट करतात, वरून बारीक खळगे पाडतात. पोरं खळग्यांवरून बोटं फिरवत होती. पुढे बसणारी दोन दात पडलेली एक मुलगी आहे, तिने ते उलटं-सुलटं करून बघितलं.

"काका, पण हे असतं कशाला?"

आजकाल कुणाच्या घरी असतं अंगुस्तान? एकाही पोराने ते पाहिलं नव्हतं. सगळी ह्यांच्याकडे बघायला लागली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोट वर केलं, हलवलं, सुई टोचल्याचं दाखवलं. त्यांना काही उमगेना. आता "मला नाही माहीत" म्हणतील म्हणून मी वाट बघितली. पण बहुधा तेही निसटलं होतं.

"पाणी प्यायला," ते म्हणाले. "लहान मुलांचा पेला आहे हा."

पोरांनी लगेच मानलं. का नाही मानणार? अंगुस्तान हातोहात फिरलं, एकेक जण तोंडाला लावून पाणी प्यायल्याचं नाटक करू लागला. हे इतके खूश झाले की टाळ्या वाजवायला लागले. मी मागे बसून राहिले. उठून खरं सांगावं तर ह्यांची अब्रू जाते, गप्प बसावं तर ह्यांचं आयुष्यभराचं व्रत मोडतं. माझ्याने उठवलं नाही.

निघताना ग्रंथपाल मुलीला मी सगळं सांगितलं. म्हटलं, पोरांना खरं काय ते सांग, आणि पुढच्या शनिवारपासून हे येणार नाहीत. ती बिचारी रडवेली झाली. "अहो काकू, एवढ्याशा टोपीचं काय घेऊन बसलात? येऊ द्या की त्यांना," म्हणाली. पण हे शुद्धीवर असते तर त्यांनीच स्वतःला घरी बसवलं असतं, हे मला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी हे शर्ट घालून दाराशी तयार. मी म्हटलं, वाचनालय बंद आहे, रंग चाललाय. त्यांनी मान डोलावली आणि तेलाचा रंग कसा करतात ते मला सांगत बसले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तयार, बूटसुद्धा घातलेले. मी पुन्हा तेच सांगितलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

ते बुटांसकट खुर्चीवर बसले.

"रंग वाळायला इतके दिवस लागत नाहीत," ते म्हणाले. "मला येऊ नका म्हणाले का ते?"

"नाही हो. कुणी काही म्हणालं नाही."

"मग तूच सांगितलंस." रागावून नव्हे. पोरांना एकापुढची एक पायरी समजावतात, तसं.

खाली बसून मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. त्यांनी पाय पुढे केला.

"मग आता मी काय करायचं?" त्यांनी विचारलं, आणि पोरं त्यांच्या उत्तराची वाट बघायची तसे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.