संत आन्नाच्या डोईवरचं फडकं

ओर्सोला परटीण नदीवर कपडे बडवता बडवताच म्हातारी झाली. सहा बाळंतपणं झाली, त्यांतली तीन लेकरं तिनं मातीत ठेवली. आता धाकटी लेक नन्निना पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. गावच्या चर्चमध्ये त्याच सुमारास संत आन्नाचं, म्हणजे मारियामातेच्या आईचं, नवं चित्र लागणार होतं. प्रत्येक गर्भार बाई आन्नापुढे मेणबत्ती लावूनच बाळंत व्हायची.

एक दिवस ओर्सोलाचं डोक्याला बांधायचं सणाचं फडकं सापडेना. संध्याकाळी ते नवऱ्याच्या, गास्पारेच्या, सदऱ्यातून निघालं. त्यावर तांबड्या खडूचे डाग.

"अहो, हे काय?"

"चर्चचं चित्र काढणाऱ्या उस्तादांकडे जातो हल्ली. नुसतं बसायचं असतं."

"बसण्यात तुमचा हात कोण धरणार! पण माझं फडकं कशाला?"

गास्पारेनं चित्रशाळेकडे बोट दाखवलं. ओर्सोला तशीच ओल्या हातांनी तिथं गेली.

भिंतीवर निळा कागद टाचलेला. त्यावर तांबड्या खडूनं काढलेला गास्पारे: डोक्यावर तिचं फडकं, मांडीवर बाळाच्या जागी पिठाची पिशवी, हनुवटीवर दाढीचे खुंट.

"ही कोण?"

"संत आन्ना," उस्ताद लात्तान्झिओ म्हणाला. "रंगवताना दाढी जाईल."

"गावात बायका मेल्या काय?"

"बाईनं पुरुषांसमोर असं बसणं शोभत नाही, ओर्सोलाबाई. सगळ्या चित्रशाळांत हीच रीत. लाजलज्जा नको?"

"लाजलज्जा? भर थंडीत झगा खोचून मी तुमच्या चादरी धुते, तेव्हा पुलावर उभं राहून बघताना कुठं जाते ही लाज? सहा वेळा मी मरणाच्या दारातून परत आले. दरवेळी हे गृहस्थ गुत्त्यात बसलेले! आणि आईचं तोंड यांचं? मला काढा. ही उभी आहे मी."

उस्ताद हसला. पण ती बोलत राहिली तोवर त्याचा खडू कागदावर भराभर चालत होता. ओर्सोलाला वाटलं, ऐकलं बाई यानं.

सणाच्या दिवशी पडदा सरला. मधोमध संत आन्ना, म्हणजे गुळगुळीत दाढी केलेला गास्पारे. आणि मागं कोपऱ्यात आन्नाचा नवरा, संत जोआकिम. चढलेल्या भुवया, गच्च मिटलेले ओठ, ओर्सोलाच ती! खाली छातीपर्यंत पांढरी दाढी.

"अगं बाई, तुला दाढी कधी फुटली?" शेजारीण लुचेत्ता फिसकन हसली.

ओर्सोला हसली नाही. सगळ्यांदेखत तिनं आन्नापुढे मेणबत्ती लावायला निघालेल्या नन्निनाचा दंड धरला.

"तिथं नको लावू. त्या बाईला एक कळ ठाऊक नाही. त्या दाढीवाल्यापुढे लाव. आई ती आहे."

नन्निना सुखरूप सुटली. पुढं गावातल्या सगळ्याच बायका जोआकिमपुढे मेणबत्ती लावू लागल्या. पाद्रीबाबा चिडून मेणबत्त्यांचं शमादान पुन्हा मधोमध आणून ठेवायचे. ते पाठमोरे झाले, की ओर्सोला ते उचलून परत कोपऱ्यात नेऊन आदळायची, सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं.