शेवटी उतरणारी

नेड्रा माझी भावजय. तिच्या घरापुढच्या तीन पायऱ्यांना जो लोखंडी कठडा आहे, तो माझ्या हट्टापायी बसला. १९९१च्या ऑक्टोबरात ती त्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवा खुबा मोडून बसली, असं माझ्या भावानं, थेननं, गावभर सांगितलं. मी चर्चमधले चार बाप्ये गोळा केले. त्यांनी एका शनिवारी कठडा ठोकून दिला, मी त्यांना चीज घालून भाजलेले बटाटे खाऊ घातले. वर नेड्रालाच चार शब्द सुनावले, "पायाखाली बघून चालावं गं माणसानं. लक्ष कुठं असतं तुझं?"

"बघेन," ती म्हणाली.

तीस वर्षांहून जास्त काळ ती त्या कठड्याला धरून चढ-उतार करते आहे. मला आता त्याच्याकडे बघवत नाही.

थेन गुरं पाळायचा आणि उरलेला जीव घळींवर टाकायचा. आमच्या दक्षिण युटात लाल दगडात पाण्यानं चिरलेल्या घळी इतक्या अरुंद की कुठं कुठं माणूस आडवा होऊन सरकतो. मध्येच पायाखालची वाट संपते आणि खाली चाळीस-साठ फुटांचा कडा. दोर लावून उतरायचं, दोर खाली ओढून घ्यायचा, पुढच्या कड्याकडे निघायचं. एकदा दोर ओढला की माघारी फिरणं नाही. बाकीचे लोक कड्याच्या तोंडाशी एखाद्या दगडाला पट्टा बांधतात, त्यात कडी घालतात, कडीतून दोर ओवतात आणि पट्टा तिथंच सोडून जातात. थेनला असा पट्टा दिसला की शिसारी यायची. "दगडाला लंगोट नेसवून गेले," म्हणायचा. त्याचा बाणा एकच होता. आपण येऊन गेलो हे घळीला कळता कामा नये.

त्यासाठी पोतं. जाड ताडपत्रीचं, नेड्रानं आपल्या मशीनवर दुहेरी टीप घालून शिवलेलं. ते घळीतल्याच वाळूनं भरायचं, त्याला दोर बांधायचा आणि त्याच्या भारावर उतरायचं. शेवटचा माणूस खाली आला की दुसऱ्या बारीक दोरीनं हिसका द्यायचा. पोतं उलटं होतं, वाळू वर सांडते, रिकामं पोतं खाली येतं. मागं काही उरत नाही.

आधी थेन उतरायचा. दोनशे पौंडांचा गडी. तो उतरत असताना नेड्रा पोत्यावर बसायची, टाचा दगडात रोवून. मग ती उतरायची. तेव्हा पोत्यावर कुणी नसायचं.

"पोत्यानं मला झेललं, तर तुला का नाही झेलणार? चिमणीएवढी तर आहेस," असं थेन म्हणायचा. जेवायच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर मी हे ऐकलंय आणि सगळ्यांबरोबर हसलेय. त्याला झेललं ते पोत्यानं नाही, बायकोनं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. मी काही बिनडोक नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं दोनशे पोरांचं जेवण काढलंय मी. पण आपल्या भावाचं बोलणं आपण तपासून घेत नाही.

खुबा मोडल्यावर नेड्राच्या घळी सुटल्या आणि पाठोपाठ थेनच्याही. शेवटी उतरायला दुसरं कुणी तयारच होईना. तो मात्र चारचौघांत सांगायचा की बायकोच्या दुखण्यासाठी मी माझा छंद सोडला. बायका त्याच्याकडे कौतुकानं बघायच्या. मीही बघायचे.

गेल्या एप्रिलमध्ये सॉल्ट लेकहून दोघं आली, डेव्हिन आणि ब्रिन. कोणत्या घळीत पहिल्यांदा कोण उतरलं याची यादी त्यांचं मंडळ करत होतं. डेव्हिननं कॉफी मागितली. आमच्या चर्चला कॉफी वर्ज्य, थेनच्या घरात ती कुठून असणार? नेड्रानं लिंबू सरबत दिलं आणि भट्टीत पाव टाकले. थेन रंगात आला होता. गावामागची मोठी घळ आपण चौऱ्याऐंशीत उतरलो, तिच्यात आपल्याआधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं, असं तो सांगत होता.

"पण सर, दोन हजार तीनच्या एका टोळीचाही तोच दावा आहे," डेव्हिन म्हणाला. "तुमच्याकडे पुरावा काही? एखादा जुना पट्टा, कडी?"

"पुरावा नाही, हाच माझा पुरावा," थेन म्हणाला.

ब्रिन बारीक चणीची, बोलकी मुलगी. तिनं फोन पुढं केला. "मग हे कुणाचं असेल? शेवटच्या कड्यावर, अडकलेल्या धोंड्याच्या मागं सापडलं. गेल्या आठवड्यात."

फोटोत धोंड्याला गाडीचा सीटबेल्ट बांधलेला होता. तपकिरी. त्यात खोगिराची लोखंडी कडी.

"असेल कुठल्यातरी गाढवाचं," थेन म्हणाला.

नेड्रानं पावाचा ट्रे टेबलावर ठेवला. "ते गाढव मी."

पट्टा मी ओळखला होता. त्यांच्या जुन्या फोर्ड पिकअपचा. भंगारात देण्याआधी नेड्रा तिच्यात कात्री घेऊन बसली होती, ते मला आठवलं.

"एक्क्याण्णवात त्याच घळीत परत गेलो, तेव्हा दुसऱ्या कड्यावर पोतं सरकलं होतं," नेड्रा म्हणाली. ती थेनशी नाही, माझ्याशी बोलत होती. "मी खाली उतरत होते. दोन हात सरकलं आणि मी भिंतीवर आपटले. खुबा तिथं मोडला, लारे. पायरीवर नाही."

"मग वर यायचंस ना," मी म्हणाले. किती मूर्खासारखं.

"दोर ओढलेला होता. पुढं एक कडा बाकी होता. तो उतरणार म्हणून मोडक्या खुब्यानं मी परत पोत्यावर बसले. तो उतरला आणि माझ्यासाठी घोडी आणायला पुढं गेला. कुणी बघणारं नव्हतं. मग मी डब्याच्या पिशवीतून पट्टा काढला. पोतं रिकामं करून कमरेला गुंडाळलं आणि पट्ट्यावर उतरले. सहा वर्षं तो पट्टा पिशवीच्या तळाशी घेऊन हिंडत होते. मला भीती वाटायची. प्रत्येक कड्यावर वाटायची. घरी आल्यावर हा म्हणाला, पायरीवर पडलीस म्हणून सांग."

ब्रिनचे डोळे भरले होते. तरी ती उत्साहानं म्हणाली, "पण हाच पुरावा झाला की! बेल्ट कुठल्या सालचा ते शोधून काढता येईल. यादीत पहिलं नाव तुमचं लागेल."

थेनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला शरम वाटली असेल, आता तो बायकोचा हात धरेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं ते लचांड माझ्या घळीत लोंबतंय?"

नेड्रा पावांवर लोणी फिरवत राहिली.

पुढच्या शनिवारी पहाटे थेननं गॅरेजमधून पोतं काढलं आणि त्या दोघांना घेऊन निघाला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. मी दिवसभर नेड्राजवळ बसून राहिले. कठड्याबद्दल माफी मागायला मात्र धजले नाही.

चारच्या सुमाराला तो आला. धुळीनं माखलेला, खूश. पट्टा त्यानं तिच्यासमोर टेबलावर टाकला. मधोमध चाकूनं कापलेला होता.

"झालं साफ," तो म्हणाला आणि पाव उचलला.

नेड्रानं कडी बोटात धरून फिरवली. "शेवटी कोण उतरलं?"

"ती पोरगी. पोत्यानं आम्हा दोघांना झेललं, तर तिला का नाही झेलणार? चिमणीएवढी तर आहे."

नेड्रानं मला माझ्या फोनवर ब्रिननं दिलेला नंबर लावायला सांगितला आणि फोन मागून घेतला.

"ब्रिन, मी नेड्रा. पोचलात का मुक्कामाला? ... लागलं कुठं? ... नाही, मला खरं सांग. पायरीवर पडले म्हणू नकोस." मग ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "हातभर सरकलं."

थेनचा घास तोंडातच राहिला.

"फक्त कोपर खरचटलंय ना? बरं. ऐक. यापुढं तू आधी उतरायचं. जड माणसाला शेवटी ठेवायचं. आणि कुणी हसलं तर त्याच्याबरोबर जायचं नाही."

तिनं फोन माझ्या हातात दिला. थेन काहीतरी बोलेल म्हणून आम्ही दोघी थांबलो. त्यानं घास गिळला, टेबलावर इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पीचचा जॅम संपला का गं?"

"तळघरात आहे," नेड्रा म्हणाली आणि जागेवरून उठली नाही.